‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ या प्रश्नाला ‘नो सर’ म्हणू नका

मुलाखत संपत आली की आमच्या बाजूने एक वाक्य ठरलेलं असतं : "तुम्हाला काही विचारायचंय का?" आणि समोरून बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलंच येतं : "नो सर, थँक यू." फाइल मिटते, पोरगं उठतं, खुर्ची नीट आत सरकवतं आणि जातं. गाव सोडून, चौघांत मिळून रूम घेऊन, पुढची दोन-तीन वर्षं ज्या जागी काढायची, त्या जागेबद्दल त्याने काही म्हणजे काही विचारलेलं नसतं.

मी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर सांभाळते. डिप्लोमावाले, बी.ई. झालेले, अकाउंट्सचे, स्टोअर्सचे असे सगळेच माझ्यासमोर येऊन बसतात. लातूर, बीड, नांदेड, जळगाव, सोलापूर, कुठून कुठून येतात. एसटीने रात्रभर प्रवास करून सकाळी वाकडला किंवा नाशिक फाट्याला उतरून, मित्राच्या रूमवर अंघोळ करून आलेले असतात. त्यांचं ते ‘नो सर’ मला ऐकवत नाही, म्हणून हे लिहितेय. त्यांच्यासाठी, आणि ‘काही उलटसुलट विचारू नकोस, मिळतंय ते घे’ असं फोनवर सांगणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही.

मोठ्यांना प्रश्न विचारायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. वर प्लेसमेंटवाले सांगतात की इम्प्रेशन खराब होतं. टेबलाच्या या बाजूला बसून मी सांगते, होत नाही. उलट दिवसभरात बारा-पंधरा जणांना भेटल्यावर संध्याकाळी प्लांट हेडना आणि मला जो आठवतो, तो बहुधा काहीतरी नेमकं विचारून गेलेला असतो.

नेमकं म्हणजे काय, ते सांगते. इंटरनेटवरून पाठ केलेले प्रश्न आम्हाला लगेच कळतात. ‘कंपनीचं वर्क कल्चर कसं आहे?’ याला आम्ही काय सांगणार? ‘छान आहे, सगळे कुटुंबासारखे राहतो.’ विचारणाऱ्याच्या पदरात काय पडलं? काहीच नाही. ‘ग्रोथ आहे का?’ आहे. ‘ट्रेनिंग मिळेल का?’ मिळेल. हो किंवा छान म्हणून ज्याची बोळवण करता येते, तो प्रश्न वाया गेला समजा. उत्तरात एखादं नाव, एखादा आकडा किंवा एखादी तारीख आल्याशिवाय समोरच्याची सुटका होणार नाही, असं विचारा. ‘ग्रोथ आहे का’ याऐवजी ‘या डिपार्टमेंटमधून गेल्या दोन वर्षांत सिनिअर इंजिनिअर कोण झालं आणि त्याला किती वर्षं लागली?’ असं विचारलंत की आम्हाला आठवावं लागतं. आठवायला वेळ लागला, तर तेही उत्तरच आहे.

मध्यंतरी क्वालिटीच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. तीन वर्षांचा अनुभव, अंगाने बारका, बोलणं हळू. तांत्रिक राउंड बरा गेला. पीपीएपी, एसपीसी, ८डी अशा क्वालिटीच्या कामाच्या पद्धती, सगळं त्याला येत होतं. शेवटी आमचं ते वाक्य झालं, तर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि प्लांट हेडना विचारलं, "सर, लाइनवर पार्ट रिजेक्ट करायचा अधिकार माझ्या सहीला आहे, की डिस्पॅचचं प्रेशर आलं की प्रॉडक्शनवाले ठरवणार?"

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. कारखान्यात ज्याने काम केलंय त्याला या प्रश्नाचं वजन कळेल. महिनाअखेर आली, कस्टमरची गाडी गेटवर उभी आहे आणि क्वालिटीचा पोरगा म्हणतोय की लॉट जाणार नाही. तेव्हा त्याच्यामागे कोण उभं राहणार, हे तो नोकरी घेण्याआधी विचारत होता. आमच्या प्लांट हेडनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, खोटं सांगत नाही. महिनाअखेरीला भांडणं होतात. तुझ्या सहीशिवाय माल जात नाही, पण डेव्हिएशनवर, म्हणजे मापात न बसणारा माल खास परवानगीने, सोडायचा असेल तर सही माझी, आणि जबाबदारीही माझी." मुलाने पुढे विचारलं, "गेल्या महिन्यात अशा किती डेव्हिएशन नोट निघाल्या?" सरांनी आकडाही सांगितला. पुढची वीस मिनिटं दोघं कामाबद्दल बोलत होते, कोणत्या पार्टला जास्त कम्प्लेंट येतात, गेज कोण कॅलिब्रेट करतं. कोण कुणाची मुलाखत घेतंय ते बाहेरच्याला कळलं नसतं. त्याला आम्ही घेतलं, आणि काय पत्करतोय हे पुरतं माहीत असताना तो आला.

असा प्रश्न प्रत्येक कामात असतो. मेंटेनन्सवाल्याने विचारावं की रात्री दोनला मशीन बंद पडली तर पहिला फोन कुणाला जातो, आणि स्पेअर लागला तर पीओ (खरेदीची ऑर्डर) निघायला किती दिवस लागतात. अकाउंट्सवाल्याने विचारावं की काम टॅलीवर आहे की सॅपवर, आणि ऑडिटच्या दिवसांत रात्री किती वाजतात. स्टोअर्सवाल्याने विचारावं की शेवटचा स्टॉक मोजला तेव्हा किती फरक निघाला. आधीच्या कंपनीत तुमची झोप ज्या गोष्टीने उडाली होती, तिच्यातूनच तुमचा प्रश्न निघेल.

आणखी एक प्रश्न सगळ्यांनाच लागू पडतो : ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? सोडून गेलं असेल तर ती व्यक्ती किती दिवस होती? वर्षभरात त्याच खुर्चीवरून तिघं उठून गेले असतील, तर दोष खुर्चीत असण्याची शक्यता जास्त.

कुणाला काय विचारायचं हेही महत्त्वाचं आहे. पगार, रजा, पीएफ, नोटीस पिरियड हे मला विचारा, एचआरच्या राउंडला. प्लांट हेडना पहिल्याच मिनिटाला ‘सर, इन्क्रिमेंट किती?’ विचारलंत तर त्यांना ते ठाऊकही नसतं. पण मला विचारायला संकोच करू नका. पगाराचं बोलणं हावरटपणाचं वाटतं, असं मुलं मला सांगतात. घराचं भाडं, गावी पाठवायचे पैसे, बहिणीची फी, सगळं ज्यावर उभं आहे त्याबद्दल विचारण्यात हावरटपणा कसला?

आता ‘सहा लाखांचं पॅकेज’ म्हणजे काय ते बघू, कारण इथे फार जण फसतात. मुलगा मनात सहा लाखांना बाराने भागतो आणि घरी सांगतो, पन्नास हजार पगार. समजा त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, २५,००० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ३,०००, याच पन्नासात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी साधारण १,२०० रुपये, तीही यातच. वर १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर महिन्याचे ५,००० वर्षअखेरीच्या भरवशावर. उरले साधारण ४०,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, की खात्यावर ३७,६०० च्या आसपास जमा. बस आणि कँटीनचे पैसे कापत असतील तर त्याहून कमी. यात लबाडी आहे असं नाही. पीएफ तुमच्याच नावावर साठतो. पण पन्नास धरून ज्याने बाइकचा हप्ता ठरवलाय, त्याचं गणित पहिल्याच महिन्यात कोसळतं.

म्हणून सरळ विचारा : "मॅडम, सगळं कापून महिन्याला हातात किती येतील? ब्रेकअप मिळेल का?" आणि व्हेरिएबलबद्दल : "गेल्या वर्षी माझ्या ग्रेडच्या लोकांना व्हेरिएबलचे किती टक्के मिळाले?" शंभर टक्के मिळू ‘शकतात’ हे सगळेच सांगतात. गेल्या वर्षी किती मिळाले, यावर बोला. ओव्हरटाइमचंही तसंच. कारखान्यातल्या कामगाराला जादा तासांचे दुप्पट दराने पैसे मिळायला हवेत, ही तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेली आहे. पण तुमचं पद त्यात बसतं का, जादा तास पगाराच्या स्लिपवर दिसतात की त्याऐवजी सुट्टी देतात, हे आधी विचारलेलं बरं. मेडिक्लेममध्ये आईवडील येतात का, हा प्रश्न तर प्रत्येकाने विचारावा. फार थोडे विचारतात.

गावाकडे म्हणतात, ‘पोरगं कंपनीत लागलं.’ कुठल्या कंपनीत? गेटवरचा बोर्ड एका कंपनीचा असतो आणि पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचं असतं, हे पोराला पहिला पगार झाल्यावर कळतं. म्हणून हा प्रश्न कुठलीही लाज न बाळगता विचारा : "मी कंपनीच्या रोलवर असणार की थर्ड पार्टीच्या? नेमणुकीचं पत्र कुणाच्या लेटरहेडवर? पीएफ कुणाच्या कोडवर भरला जातो?" ठेक्यावर काम करणं कमीपणाचं अजिबात नाही, आमच्याकडेही कितीतरी जीव तोडून काम करणारी माणसं ठेक्यावर आहेत. पण ते आधी माहीत असावं. आणि रुजू झाल्यावर आपल्या बारा आकडी यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) लॉगिन करून पीएफचं पासबुक स्वतः बघायचं. स्लिपवर कापले म्हणजे भरले, असं धरून चालू नका.

अप्रेंटिसचीही गोष्ट वेगळी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं तर मिळतो तो स्टायपेंड, पीएफ नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं कंपनीवर बंधन नाही. तेव्हा विचारायचं, "मागच्या बॅचचे किती अप्रेंटिस होते आणि त्यातले किती रोलवर घेतले?" मुदतीच्या करारावर घेत असतील तर ग्रॅच्युइटीबद्दल विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी धरली आहे, पाच वर्षं थांबावं लागत नाही. नेमणूकपत्र देणंही त्यांत सक्तीचं आहे. ‘पत्र मागून देऊ, उद्यापासून या’ असं कुणी म्हणालं तर पत्र आधी मागा.

मुलींसाठी थोडं जास्त लिहिते. औशाकडची एक मुलगी ट्रेनी म्हणून आली होती, डिप्लोमा, पहिलीच नोकरी. तिने विचारलं, "मॅडम, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते?" आमची सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. मी म्हणाले, मोशीपर्यंत. ती म्हणाली, "मोशीत कुठे? चौकात की आत?" मला सांगता येईना, म्हणून मी तिच्यासमोरच ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरला फोन लावला. चौकात. तिची रूम चौकापासून आत होती, तिथून चालत बारा-पंधरा मिनिटं. तिने पुढे विचारलं, "त्या बसला माझ्या स्टॉपला अजून किती मुली उतरतात?" दोन. "त्यांच्यापैकी एकीशी बोलता येईल का?" मी तिला शॉप फ्लोअरवर नेलं आणि गाठ घालून दिली. दोघी मशीनच्या बाजूला उभ्या राहून बोलल्या, मी लांब थांबले. शेवटी तिने चौकाजवळच्या रूमसाठी त्या मुलींबरोबर जागा बघितली आणि मगच ऑफर घेतली. वय वर्षं वीस. मला तिचा अतिशय अभिमान वाटतो. रात्रपाळीसाठी बाईची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची असते, हे कायद्यात लिहिलेलं आहे. पण बस चौकात थांबते की गल्लीच्या तोंडाशी, हे कायद्यात नसतं. ते विचारावंच लागतं.

तसंच, अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे, हेही विचारा. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे ती समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे. नावं नोटीस बोर्डावर लावलेली असतात. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं तर समजून जा. लग्न झालेल्यांनी पाळणाघराचं विचारावं, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती सोय द्यावी लागते.

आणि तो प्रश्न, जो मुलींनाच विचारला जातो : ‘लग्नाचं काय ठरलंय?’ मला तो ऐकला की आजही संताप येतो, मी पॅनेलवर असले तर तिथेच थांबवते. पण मी प्रत्येक खोलीत नसते. अशा वेळी गप्प बसू नका, चिडूही नका. शांतपणे विचारा, "सर, हे कामाच्या कुठल्या बाबतीत जाणून घ्यायचंय? शिफ्टबद्दल असेल तर मी शिफ्टला तयार आहे. प्रवासाबद्दल असेल तर प्रवास किती आहे ते सांगा." त्यावर जो चेहरा दिसेल, तो तुमचा भावी साहेब. नीट बघून ठेवा.

नोटीस आणि बॉण्ड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट) हे सही करताना कुणी वाचत नाही. प्रोबेशनमध्ये नोटीस किती, कन्फर्म झाल्यावर किती, पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे विचारा. नव्वद दिवसांच्या नोटीसपायी हातातली चांगली ऑफर गेलेली मुलं मी बघते. बॉण्डबद्दल हॉस्टेलवर एक समज पसरलेला आहे की ‘कोर्टात टिकत नाही’. त्या भरवशावर राहू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख रुपये भरायची अट वैध धरली. प्रत्येक बॉण्ड टिकेल असा याचा अर्थ नाही, पण सही करण्याआधी रक्कम किती, किती महिन्यांसाठी आणि त्याबदल्यात कंपनी कोणतं ट्रेनिंग देणार, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. मार्कशीट आणि डिग्रीचे मूळ कागद कुठेही ठेवून येऊ नका. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ कागद फाइलला परत. नोकरीसाठी ‘डिपॉझिट’ मागितलं तर पुढचा प्रश्न विचारायची गरजच नाही, उठायचं.

कसं विचारायचं? मराठीत विचारा. इथल्या पॅनेलवर मराठी किंवा हिंदी समजणारा कुणीतरी असतोच. मुलाखत इंग्रजीत चालली असली तरी ‘सर, हे मराठीत विचारू का?’ म्हटलं तर माझ्या पाहण्यात कुणी नाही म्हटलेलं नाही. इंग्रजी जुळवता जुळवता पोरांचा प्रश्नच गळून पडतो, हे फार वेळा बघते. चार-पाच प्रश्न कागदावर लिहून आणा आणि कागद बघून विचारा, त्यात काही वावगं नाही. सगळे विचारायची गरज नाही, काहींची उत्तरं बोलण्यातच येऊन जातात. मुलाखतीआधी किंवा नंतर गेटवर, बसस्टॉपला, चहाच्या टपरीवर त्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला कुणी दिसला तर त्याला एकच विचारा : "दादा, पगार किती तारखेला होतो?" सात तारखेच्या आत होतो म्हणाला तर बरं. ‘होतो, पुढेमागे होतो’ म्हणाला तर मला येऊन पुन्हा विचारा, आणि मी काय सांगते ते नीट ऐका.

सगळं तोंडी ठरलं की घरी जाऊन त्याच दिवशी मेल करा. लांबलचक नको, एवढाच : "मॅडम, आजच्या बोलण्याप्रमाणे माझी नेमणूक कंपनीच्या रोलवर, पद अमुक, महिन्याला हातात साधारण इतके, प्रोबेशन सहा महिने, प्रोबेशनमध्ये नोटीस तीस दिवस, सेकंड शिफ्टला बस मोशी चौकापर्यंत, असं मी समजलो आहे. यात काही चुकलं असेल तर कळवा." असा मेल आला की मलाही बरं पडतं, कारण मला तो तसाच ऑफर लेटर काढणाऱ्याला पुढे पाठवता येतो. त्याला उत्तर आलं, ऑफर लेटर हातात पडलं, दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली, की मगच जुन्या कंपनीत राजीनामा टाका.